फळीवरची नात

आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. पाणी म्हटलं की विहीर, आणि विहीर म्हटली की आमच्या पोटात गोळा. थोरलीनं पोहायचा फार हट्ट धरला होता. मी तिला काठावर फिरकू दिलं नाही.

तीच थोरली आता चेन्नईला असते. माघात गेलो, तर शनिवार-रविवार जोडून तिनं मला महाबलीपुरमला नेलं. मला वाटलं, किनाऱ्यावरचं पल्लव राजांचं दगडी देऊळ दाखवणार. पण बेत निराळाच! नऊ वर्षांच्या नातीला फळीवर उभं राहून लाटेवरून यायला शिकवायचं होतं.

शिकवणारा कोळ्याचा पोरगा. आधी वाळूतच त्यानं पोरीला फळीवर पालथं निजवलं आणि हातांच्या जोरावर चटकन उभं राहायला लावलं. मग घोट्याला फळीची दोरी बांधून कमरेइतक्या पाण्यात नेलं. मागून लाट आली की तो फळी ढकली. पोर पडे, पुन्हा चढे. मी आपला मारुतीचा धावा करत बसलेला.

संध्याकाळी सिमेंटच्या उतारावर चाकांची फळी. इथल्याच कमली मूर्ती या मुलीवरचा लघुपट २०२० साली बाफ्ता पुरस्काराच्या नामांकनात होता म्हणे. हे दोन्ही खेळ टोकियो ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, तिथंही खेळतात. नातीचा गुडघा सोलला. हळद लावतो म्हटलं, तर हसली.

निघताना थोरलीला विचारलं, "तू का नाही गं उतरलीस?"

"मला पोहता कुठं येतं, आबा?"

चैत्रात ती माहेरी येणार आहे. विहिरीला पाणी टिकलं तर बघू.