आधी ग्राइंडर, मग मशीन



सूनबाईने स्वतःच्या पगारातून एस्प्रेसोचं मशीन आणलं आणि मी किंमत ऐकून बोलू नये ते बोलले, "स्टीलच्या फिल्टरची कॉफी काय वाईट होती?" त्यात तिची कॉफी व्हायची आंबट आणि पाणचट. पंधरा दिवस खटपट करून तिने मशीनवर टॉवेल टाकला. मला वाटलं, मी जिंकले! पण सकाळी ओट्याशी आमच्या दोघींच्या गप्पा व्हायच्या, त्याही थांबल्या.

चार महिन्यांनी ती आणि मुलगा दोन बॉयलरचं मशीन बघायला लागले. किंमत लाखाच्या घरात. आपण बी.कॉम.! म्हटलं, नवीन खर्चाआधी तोटा कुठे होतोय ते तरी पाहू.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. हिशेब सोपा आहे. 18 ग्रॅम पूड घातली, तर साधारण 36 ग्रॅम कॉफी उतरायला 25 ते 30 सेकंद लागायला हवेत. आमची 10 सेकंदांतच धो धो आली. मशीन बिचारं ठीक होतं, दोष आमच्या मिक्सरचा. त्याचं पातं बिया तोडतं, म्हणून थोडी भुकटी, थोडा जाड रवा. पाणी रव्यातून वाट काढून पळतं. बर ग्राइंडर म्हणजे आपलं जातंच समजा. दोन दातेरी भागांमधलं अंतर कमीजास्त करायचं, दळण एकसारखं पडतं. (मिक्सरच वापरणार असाल, तर मशीनसोबत येणारी दुहेरी तळाची जाळी लावा. खाली एकच बारीक छिद्र असतं, त्यामुळे दाब धरतो. पण नुसत्या फेसाला भुलू नका.)

मग हाताने फिरवायचा ग्राइंडर घेतला, नऊ हजारांचा. पहिल्या दिवशी इतकं बारीक दळलं की थेंब पडेना. चौथ्या दिवशी 27 सेकंद. सूनबाईने घोट घेतला आणि कप माझ्यापुढे सरकवला.

आपल्या घरांसाठी दोन गोष्टी. ग्राइंडरच्या फटींत जुनी पूड अडकते आणि पावसाळ्यात ओल धरते. जीव होण्याआधी आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. दुसरं, पाणी आपण गाळूनच वापरतो, पण कापडातून क्षार जात नाहीत. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, ते मशीनमध्ये घातलं तर आत थर बसतो. आम्ही आता बोअरचं घालत नाही.

मोठ्या मशीनचा विषय सध्या तरी बंद आहे. दोन बॉयलरचा फायदा असा की कॉफी उतरताना दूधही वाफवता येतं. चौघांच्या घरात तेवढी घाई कुणाला? शनिवारी मात्र तिची थोडी घाई असते, माझा चौविहार असतो ना! सूर्यास्ताआधी माझा अर्धा कप तयार ठेवते.

मी तिची माफी वगैरे मागितली नाही. चिकमंगळूरच्या बियांचं पाकीट, भाजल्याची तारीख बघून, मीच आणते आता.