बोगनवेलीची फोड

आमच्या शाळेच्या कुंपणावर बोगनवेल आहे. सातवीच्या वर्गात दरवर्षी मी तिचं इंग्रजी नाव फळ्यावर लिहिते. तेरा अक्षरं. मुलं अडखळत ‘बाऊगेनव्हिलिया’ म्हणतात.

मग मी फळा पुसते. हनुवटीखाली तळहात धरायला लावते आणि शब्द सावकाश म्हणते: बू-गन-व्हि-लि-अ. हनुवटी पाचदा खाली येते, म्हणजे शब्दाचे अवयव पाच. अभंगाची अक्षरं बोटांवर मोजलेल्या मुलांना हे लगेच उमगतं. पुढे शब्द शेपटाकडून बांधायचा: लिअ, व्हिलिअ, गनव्हिलिअ, बूगनव्हिलिअ. सुरुवातीपासून म्हटला तर सगळा दम ‘बू’वरच सरतो, शेवटाकडून आलं की जोर ‘व्हि’वर नीट बसतो.

सुरुवातीची काही वर्षं मी याच पाच तुकड्यांवरून स्पेलिंगही घोकून घेत असे. मुलं ‘गन’ला जी-यू-एन लिहीत. चूक माझी होती. स्पेलिंगसाठी हा शब्द वेगळ्या ठिकाणी फोडावा लागतो, आणि ती जागा इतिहासात सापडते.

लुई आंत्वान द बूगनव्हिल हा फ्रेंच दर्यावर्दी १७६६ ते १७६९ मध्ये जगप्रदक्षिणा करून आला. त्याच्या मोहिमेतल्या कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ब्राझीलमध्ये ही वेल दिसली. वेलीला नाव मिळालं ते या दर्यावर्दीचं. त्याच्या आडनावापुढे फक्त एक ‘ए’ जोडला की झालं स्पेलिंग. आडनावाचेही तीन तुकडे होतात. ‘बू’मधला ओ-यू मुलांना ‘सूप’ आणि ‘ग्रुप’मध्ये भेटलेला असतो. मधला तुकडा लाभ या अर्थाचा ‘गेन’, लिहायचा तसाच, म्हणायचा मात्र ‘गन’. शेवटचा ‘व्हिल’ म्हणजे फ्रेंचमध्ये शहर. ‘व्हिलेज’शी त्याचं नातं आहे, म्हणून दोन एल. एवढं सांगितल्यावर घोकंपट्टी उरत नाही.

मराठीने तर हे नाव बरोबर याच सांध्यावर तोडलं. ‘बोगन’ ठेवलं आणि ‘व्हिल’च्या जागी आपली ‘वेल’ लावली. मला ही फोड फार आवडते.

१७८९ मध्ये हे नाव पहिल्यांदा ग्रंथात छापलं ते जुस्यू या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाने. त्याने ‘बू’मधला ओ गाळला होता आणि ‘गन’मधला ए सुद्धा. इतक्या मोठ्या माणसाच्या हातूनही अक्षरं गळतात, मग मुलांचं काय! म्हणून शिक्षकमित्रांनो, चुकलेला शब्द दहादा लिहायला देण्याआधी तो एकदा मुलाच्या तोंडून फोडून घ्या.