अठ्ठ्याहत्तर म्हणजे नक्की किती?

"काका, या बाई गाताना ठीक आहेत, पण बोलताना एवढ्या घाईत का?" माझ्याकडे जुन्या तबकड्या सीडीवर उतरवायचं काम शिकायला येणाऱ्या मुलीनं परवा विचारलं.

ताटलीवर १९०७च्या सुमाराची लाखेची तबकडी फिरत होती. ठुमरी संपली की बाई स्वतःचं नाव पुकारतात. तेव्हाची रीतच ती. मेणावर घेतलेलं गाणं बोटीनं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं. कुणाचं गाणं ते तिथल्या कारागिराला कळावं म्हणून हा पुकारा. गौहरजाननं १९०२मध्ये कलकत्त्यात इंग्रजीतून केलेला पुकारा तर सगळ्यांच्या कानात आहे. मला मात्र त्याची चीड. रंग भरलेला असतो आणि शेवटी हे ओरडणं! वीस वर्षं मी ते कापत आलो. वर ऐटीत सांगायचो, मी गाणं जपतो, आरोळ्या नाही.

मिनिटाला ७८ फेरे हा आकडा पुढे पक्का झाला, हे आमच्या धंद्यात कुणाला सांगायला नको. सुरुवातीची ध्वनिमुद्रणयंत्रं टांगलेल्या वजनावर फिरायची; कुठे ७४ फेरे, कुठे ८१. साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की गाणं अख्खी एक पट्टी सरकतं. तरी मला घमेंड, आपल्याला कान आहे. शेजारी पेटी ठेवायची आणि षड्ज पट्टीवर चपखल बसला की वेग बरोबर.

खोट इथेच आहे. ही बाई ७८वर काळी चारला बसते आणि ७३.६वर पांढरी पाचला, तितकीच चपखल. साथीची पेटी दोन्हीकडे शपथेवर खरं सांगते. तबला कर्ण्यातून इतका बोदा आलेला, की त्याची साक्ष घ्यायची सोय नाही. उरली तान, तर वरच्या वेगात ती जास्त तयार वाटते, म्हणून आपण वरच्या वेगाला भुलतो. जुन्या गवयांच्या तानेत वीज होती असं लिहिणाऱ्यांनी एकदा मोटार तपासावी.

मग उरलं बोलणं. मुलीनं विचारलं त्या रात्री आठ ते अकरा आम्ही तेवढं नावच ऐकत बसलो. ७८वर एखादी परकरी पोर बोलावी तसं. ७६वर पोर मोठी झाली, पण आवाज अजून नाकात. ७४च्या खाली आलो आणि 'जान'मधला आकार उघडला, मागे छाती आली, नावाआधी घेतलेला श्वाससुद्धा माणसाचा वाटला. बाई चाळिशीच्या झाल्या. मग गाणं लावलं. मुरकी सुटी होऊन समोर आली; आधी ती नुसती थरथर होती.

ऐकू आलं ते मुलीला. माझ्या कानांतून वरचे सूर कधीच गेलेत, सुईची शीळ आता तिला सांगावी लागते.

हल्ली संगणकावर खरखर घासून काढणाऱ्यांबद्दल मी पुष्कळ बोललोय. ते खरखरीबरोबर सारंगीच्या गजाची सुरुवातही पुसतात, वर देवळातल्यासारखा घुमारा घालतात. अजूनही म्हणतो, तो गुन्हा आहे. पण मी कात्री चालवली, तीही खरखरीवर नाही, बोलत्या बाईवर.

आणि मूळ प्रतीही ठेवल्या नाहीत. २००९पर्यंत हार्डडिस्क महाग वाटायची. साफ केलेली, कापलेली प्रत ठेवून कच्ची पुसायचो. शंभरावर बाजू अशा गेल्या. तबकड्या मालकांना परत केल्या. त्यातल्या एकांच्या पश्चात घर रिकामं झालं तेव्हा तबकड्यांची अख्खी पेटी भंगारात गेली. माझ्या सीडीवरून एका गायिकेनं यातली एक ठुमरी काळी चारमध्ये बसवलीय. मैफलीत छान गाते. तिला अजून काही बोललेलो नाही.

तेव्हा, माझ्या हातची २००९च्या आधीची सीडी कुणाकडे असेल, तर तिच्यावरून पट्टी ठरवू नका. मूळ तबकडी असेल तर स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते. तशीच उभी ठेवा आणि मला कळवा. शेवटचे पाच सेकंद हवे आहेत.