खोकून दाखवा

बरगडी मोडलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "प्लास्टर कधी घालणार?" हात मोडला, पाय मोडला की काहीतरी पांढरंशुभ्र, चार लोकांत दाखवण्याजोगं मिळतं. बरगडीला काहीच नाही. श्वास थांबवता येत नाही, त्यामुळे तिला स्वस्थ पडू देता येत नाही. दिवसाकाठी वीसेक हजार वेळा ती हलणार आणि दर वेळी कळ मारणार. मग माणूस श्वास चोरायला लागतो. खोकला आला तर गिळतो. कफ तळाशी साचतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटत जातो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताप भरतो. म्हातारी माणसं यातच जातात. हे सगळं मला एमडीच्या उत्तरपत्रिकेत आकृती काढून लिहिता आलं होतं. पेशंटपुढे उभं राहिल्यावर आठवायला मात्र बरीच वर्षं गेली.

मी भूलतज्ज्ञ. गाव जांब समर्थ, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. रामदासस्वामींचं जन्मगाव म्हणून ते लोकांना ठाऊक असतं आणि मी तिथला आहे हे कळलं की मला उगाच दोन गुण जास्त मिळतात. औरंगाबादच्या घाटीत शिकलो आणि जालना, अंबड, परतूर या पट्ट्यात बॅग घेऊन फिरू लागलो. सर्जनचा फोन येणार, मी जाणार, भूल देणार, पेशंट शुद्धीवर आला की पुढचा दवाखाना. आमच्या धंद्यात बहुतेक पेशंटना आमचं नावसुद्धा माहीत नसतं. या गोष्टीचा फायदा मी कसा घेतला ते पुढे येईलच.

सुरुवातीला छातीच्या दुखण्याकडे मी पाहिलंच नाही. ऑपरेशन नाही तर भूलतज्ज्ञाचं काय काम, असा हिशेब. बैलगाडीवरून पडलेले एक आजोबा होते. आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप लावून दोन दिवस घरीच काढले होते. "जरा बघता का, फार कण्हतायत," असं कोणी म्हणालं म्हणून जाता जाता मी त्यांना फोर्टविनचं इंजेक्शन लिहिलं आणि छातीला रुंद चिकटपट्टी घट्ट ओढून बांधायला सांगितली. तशी रीत होती, आणि ती सोडायला हवी हे तेव्हाच्या पुस्तकांतही छापलेलं होतं. पट्ट्याने दुखणं कमी होतं हे खरं, कारण छाती हलतच नाही. पण छाती हलत नाही हाच तर रोग. आजोबा शांत झाले. "बरं केलं साहेब, रातभर निजले," असं वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या आणि मला ते कौतुक वाटलं. आठवड्याच्या आत न्यूमोनियाने गेले. आम्ही सगळ्यांनी ते वयावर ढकललं.

नंतर मी सुई शिकलो. म्हणजे शिकलो होतोच, वापरायला लागलो. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते आणि तिच्यातून वरून खाली नीला, धमनी आणि मज्जातंतू असे तिघे ओळीने जातात. पेशंटला उशी कवटाळून पुढे वाकून बसवायचं. पाठीच्या कण्यापासून चार बोटं बाजूला बरगडी हाताला लागते. सुई आधी हाडावर टेकवायची, मग ताणलेली कातडी हळूच सैल सोडत टोक खाली सरकवायचं. हाड संपलं की टोक निसटतं. तिथून आत फक्त तीन मिलिमीटर. गव्हाचा दाणा जेवढा जाड असतो, तेवढंच. ओढून पाहायचं, रक्त नाही, हवा नाही, मग तीन-चार मिलिलीटर ब्युपिव्हाकेन सोडायचं. मज्जातंतूंच्या हद्दी एकमेकींत शिरलेल्या असतात, म्हणून मोडलेल्या बरगडीच्या वरची आणि खालचीही बधिर करावी लागते. मज्जातंतू बधिर करायच्या नेहमीच्या सगळ्या ब्लॉकांत औषध रक्तात सर्वांत झपाट्याने शिरतं ते इथूनच, म्हणून वजनावर हिशेब बांधून मात्रा ठरवायची. आणि त्या गव्हाच्या दाण्यापलीकडे फुप्फुसाचं आवरण.

जमलं की परिणाम असा दिसतो की डोकं फिरावं. दहा मिनिटांपूर्वी तुटक बोलणारा माणूस खोल श्वास घेतो आणि आपल्याकडे बघत राहतो. असे पेशंट आपली जाहिरात फुकट करतात. माझी झाली.

तात्या आमच्याच गावचे. १९९८ च्या सुमाराला रामनवमीच्या उत्सवाचा मांडव घालताना बल्लीवरून घसरून उजव्या कुशीवर पडले. दोन बरगड्यांना तडे. मुलगा म्हणाला, "त्या आपल्या डॉक्टरकडं न्या, सुई देतो तो." मी तेव्हा दुसऱ्या एका दवाखान्यात निघालेलो, तिथे सिझेरियन थांबलं होतं. पाच मिनिटांचं काम, म्हणून तात्यांना बसवलं.

पहिल्या दोन सुया नीट गेल्या. तिसरीला तात्या खोकले. एकदाच, कोरडं, अर्धवट. बरगडी मोडलेला माणूस आपणहून खोकत नाही. सुई आत असताना असा खोकला आला तर टोक आवरणाला लागलं असं समजावं, हे मी ज्युनिअर मुलांना शिकवत असे. त्या क्षणी मी काय केलं? "तात्या, हलू नका," म्हणालो. औषध सोडलं आणि चौथ्या बरगडीकडे वळलो. वाक्यात रागाची छटा होती, हे मला अजून आठवतं. माझ्या हाताखाली माणूस हलला म्हणून राग.

जाताना तात्या हसत होते. संध्याकाळी त्यांना धाप लागली. रात्रीच्या एक्स-रेमध्ये उजवं फुप्फुस आवळून मध्यभागी गोळा झालेलं दिसत होतं आणि भोवती नुसती हवा. सकाळच्या, सुईआधीच्या फिल्ममध्ये तेच फुप्फुस कडेपर्यंत पसरलेलं होतं, बरगड्यांचे तडे जागच्या जागी, एकही टोक आत वळलेलं नाही. सर्जनने छातीत नळी घातली, पाण्याच्या बाटलीत बुडबुडे यायला लागले आणि बाहेर येऊन त्यांनी नातेवाइकांना सांगितलं, "मोडलेल्या बरगडीचं टोक फुप्फुसाला टोचलं असणार. होतं असं."

त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगितलं होतं. होतं असं, हेही खरं. दोन्ही फिल्म माझ्या हातात होत्या. मी एक खिडकीकडे धरून बघत राहिलो, जणू तिच्यात अजून काही दिसायचं बाकी होतं. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही होता म्हणून बरं झालं." मी मान हलवली. ती मान कोणत्या अर्थाने हलवली हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं याची मला खात्री देता येत नाही.

तात्या आठवडाभर नळी-बाटली घेऊन पडून होते. उत्सव चुकला. आडत्याकडून उचल घेऊन बिल भागवलं. दोन तडे गेलेल्या बरगड्यांवर गोळ्या घेऊन जो माणूस घरी बसला असता, त्याला मी हे सगळं मिळवून दिलं. तो बरा झाल्यावर त्याने माझ्या घरी मृग बहाराच्या मोसंबीची टोपली पाठवली. मी ती खाल्ली. गोड होती.

सर्जनला मी महिन्याभराने सांगितलं, तेसुद्धा गाडीत, समोर रस्त्याकडे बघत. ते म्हणाले, "मला वाटलंच होतं." तात्यांना कधीच नाही. काही वर्षांनी ते वेगळ्याच आजाराने गेले. सांगायचं राहून गेलं, असं म्हणायची सोय आहे. राहून वगैरे काही गेलं नाही. मी सांगितलं नाही.

यानंतर मी बरगड्यांचे ब्लॉक सोडूनच दिले. "रिस्क कशाला घ्यायची," असं सर्जनना सांगत असे आणि ते मान्य करत. याचा हिशेब मांडणं जास्त अवघड आहे. सुईमुळे ज्याला त्रास झाला तो माणूस दिसतो, त्याची टोपली घरी येते. सुई न दिल्यामुळे जे खोकले नाहीत, ते कुठे कुठे गेले, कोणत्या वॉर्डात, हे मला कधी कळलं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ च्या पुढच्या पेशंटबद्दल असं आढळलं होतं की मोडलेल्या प्रत्येक जादा बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी वाढतो आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी. तो मी वाचला, बाजूला ठेवला आणि डायक्लोफिनॅक लिहीत राहिलो. भीतीला मी सावधगिरी म्हणत होतो आणि आजूबाजूचे तिला अनुभव म्हणत होते.

परत सुरुवात केली ती सोनोग्राफीमुळे. २०१६ मध्ये मॉरिसिओ फोरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा ब्लॉक मांडला : पाठीच्या कण्यालगतच्या लांबट स्नायूच्या खाली, मणक्याच्या आडव्या हाडावर औषध सोडायचं. ते पसरत वर-खाली जातं आणि अनेक बरगड्या एका सुईत बधिर होतात. मला त्यातली एकच गोष्ट भावली. सुईच्या टोकापुढे हाड असतं. फुप्फुस दूर.

अडचण यंत्राची. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि मी बॅगेत ते घेऊन गावोगाव फिरू शकत नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा चरफडलो. पण २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण राज्यात सगळ्यात कमी निघालं ते आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात. तेव्हा या भागातल्या डॉक्टरने त्या कायद्यावर फार बोलू नये. एका दवाखान्यात नोंदणी केलेलं यंत्र होतं आणि तिथला रेडिऑलॉजिस्ट मित्र. तो शेजारी उभा राहायचा, मी सुई घालायचो.

ऑगस्ट २०२२. जांबच्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या तो आठवडा. पोळाही त्याच आठवड्यात होता. गावातल्या एक काकू, सत्तरीच्या, गोठ्यात बैलाला पाणी दाखवायला गेल्या आणि बैलाने मान झटकली तशा भिंतीवर आदळल्या. डाव्या चार बरगड्या. काकूंना बोलताना धाप लागत होती, तरी बोलत होत्या त्या मूर्तींबद्दलच. "माझं जाऊ दे रे बाबा. देव नेला की चोरांनी."

ब्लॉक अप्रतिम झाला. पडद्यावर औषधाची काळी रेघ स्नायूखाली पसरताना दिसली, मित्राने खांद्यावर थाप मारली. अर्ध्या तासाने मी काकूंना म्हणालो, "खोकून दाखवा." तात्यांनंतर एवढं शिकलो होतो. काकूंनी असं खणखणीत खोकून दाखवलं की सून दचकली. "आता दुखंना," म्हणाल्या, "घरी जाऊ दे, पोळा आहे." खाटा भरलेल्या होत्या. एक्स-रे स्वच्छ होता. मी जाऊ दिलं. चिठ्ठीवर पॅरासिटामॉल आणि ट्रामाडोल लिहिलं, आणि पुढे माझ्या अक्षरात : दुखल्यास.

एका सुईचं औषध सहा-आठ तास टिकतं, नशीब चांगलं असेल तर बारा. मी खोकला पाहिला संध्याकाळी पाचला. काकू जागी झाल्या त्या मध्यरात्रीनंतर, जांबला, घरात सगळे झोपलेले, जालना दीड तासावर. गोळी चिठ्ठीप्रमाणे "दुखल्यास" घ्यायची होती. काकूंच्या पिढीची बाई दुखतंय असं म्हणते कधी? आदल्या दिवशी इतकं छान वाटलं होतं, आता परत तक्रार केली तर डॉक्टरला वाईट वाटेल, असं त्यांना वाटलं. हे त्यांनी मला नंतर स्वतः सांगितलं. तीन दिवस त्या भिंतीकडे तोंड करून हलकेच श्वास घेत पडून राहिल्या. घरचे समजले, आराम पडतोय. मी फोन केला नाही. चौथ्या दिवशी ताप, ओठ निळसर, आणि औरंगाबादचा अतिदक्षता विभाग.

काकू वाचल्या. मास्कवर श्वास देत देत बाहेर काढलं त्यांना. ऑक्टोबरात मूर्ती सापडल्याची बातमी आली, तेव्हा त्या नुकत्या अंगणात फिरायला लागल्या होत्या. बिलासाठी मुलाने आंबे बहाराची बाग झाडावरच, ठोक, व्यापाऱ्याला देऊन टाकली. गरजवंताची बाग कोणत्या भावाने जाते ते जालन्याच्या मोसंबीवाल्यांना सांगायला नको.

या वेळी मी गेलो. ओसरीवर बसून मुलाला सांगितलं की ब्लॉक उतरल्यावर दुखणं उलट जोरात वर येतं, हे मला माहीत होतं आणि मी तुम्हाला सांगितलं नाही. गोळ्या घड्याळाप्रमाणे द्यायच्या होत्या, मी "दुखल्यास" लिहिलं. आणि सत्तरीच्या बाईला चार बरगड्या मोडलेल्या असताना त्या रात्री घरी सोडायलाच नको होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मला वाटत होतं तो एकतर ओरडेल, नाहीतर "जाऊ द्या डॉक्टर, तुमचा काय दोष" म्हणेल. तो म्हणाला, "मग बागेचं काय करायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मी काही पैसे दिले. त्याने घेतले, मोजले, आणि उरलेल्याचं काय ते विचारलं नाही. त्याच्या घरचं कोणी आजारी पडलं तर आता ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात.

हल्ली अशा पेशंटला मी बारीक नळी आत ठेवतो, तिच्यातून दोन-तीन दिवस औषध देत राहतो. नातेवाईक कुरकुरतात, खाट अडते म्हणून दवाखानेवाले कुरकुरतात. खोकून दाखवायला सकाळी सांगतो, संध्याकाळी सांगतो, आणि रात्री दोनला नर्सला सांगून ठेवतो. रात्री दोनला झोपेतून उठवून खोकायला लावलं की पेशंट माझ्याबद्दल काय बोलतात, ते नर्सने मला दोनदा सांगितलं आहे. छापण्यासारखं नाही.