पोच

मराठीत 'पोच' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. पत्र किंवा वस्तू हाती आल्याची जी कबुली द्यायची ती पोच. आणि समोरच्याची अडचण ओळखून वागण्याची जी समज, तीही पोच. "त्याला काही पोच नाही" असे आपण एखाद्याविषयी म्हणतो, तेव्हा त्याने पावती दिली नाही अशी आपली तक्रार नसते. मग हे दोन अर्थ एकाच शब्दाच्या घरात का बरे राहायला आले असावेत? हा विचार मला करायला लावला तो कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकाने नव्हे, तर लिनक्सवर चालणाऱ्या एका सर्व्हरवर बसवलेल्या निरोप्याने.

कला शाखेच्या मुलीने सर्व्हरविषयी लिहावे हे काही वाचकांना खटकेल. मलाही त्या वाटेला जायचे नव्हते. पण वेळच तशी आली. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने रक्तदात्यांची एक यादी ठेवली आहे. रक्तपेढीकडून मागणी आली, की त्या गटाच्या दात्यांना मोबाईलवर निरोप जातो. हे काम करणारा प्रोग्रॅम आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने लिहून दिला होता. बी. ए. करून पुण्यात संगणकाच्या नोकरीला लागलेला हा गृहस्थ. आम्ही सगळे त्याला नुसते दादा म्हणतो.

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका रात्री एका बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्ह रक्त हवे होते. यादीत त्या गटाचे एकवीस दाते होते. प्रोग्रॅम एकेकाला निरोप धाडू लागला. सात गेले, आणि ज्या कंपनीकडून आम्ही सर्व्हर भाड्याने घेतला होता, तिने तो दुरुस्तीसाठी मध्येच बंद करून पुन्हा सुरू केला. उरलेले चौदा निरोप संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत होते. ती पुसली गेली, तसे तेही गेले. आणि ते गेल्याचे कुणाला कळलेसुद्धा नाही. पहाटे शेजारच्या तालुक्यातून पिशवी आली, आई आणि बाळ दोघेही वाचली. चार दिवसांनी त्या बाईंचे सासरे आभार मानायला आले. जाता जाता म्हणाले, "आमच्या आळीतलाच एक पोरगा त्या गटाचा आहे म्हणे. त्याला निरोपच नव्हता आला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण 'पाठवला' आणि 'पोचला' या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे, ते मला त्या दिवशी समजले.

यावर दादाने सुचवलेला उपाय म्हणजे 'मेसेज ब्रोकर'. ब्रोकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दलाल उभा राहतो. पण हा दलाली न घेणारा निरोप्या आहे. त्याचे काम पोस्ट कचेरीसारखे. निरोप पाठवणारा प्रोग्रॅम आपले टपाल त्याच्या हवाली करून मोकळा होतो. निरोप्या पत्ता पाहून ते योग्य त्या रांगेत लावतो. घेणारा प्रोग्रॅम सवडीने येतो, रांगेतला निरोप उचलतो, आणि काम झाले की 'पोचले' असे सांगतो. तेवढे सांगितल्यावरच निरोप्या तो निरोप आपल्या वहीतून खोडतो. घेणारा मध्येच कोसळला, तर तोच निरोप पुन्हा रांगेत येऊन उभा राहतो.

आम्ही निवडलेल्या निरोप्याचे नाव रॅबिटएमक्यू. हा ससा २००७ साली लंडनमध्ये जन्मला. तो जी बोली बोलतो, ती एएमक्यूपी, तिची सुरुवात २००३ साली जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओहारा यांनी केली. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, निरोप एका जागी टाकावा आणि ज्याला हवा त्याने तो घ्यावा, ही कल्पना अमेरिकेतल्या शेअरबाजाराच्या पेढ्यांपर्यंत नेली ती मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी. हे वाचून मला उगीचच बरे वाटले.

पण खरी गंमत आहे ती ससा ज्या भाषेत लिहिला आहे तिची. तिचे नाव अर्लांग. स्वीडनमधल्या एरिक्सन या टेलिफोन कंपनीत १९८६ च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली, आणि १९९८ साली सर्वांना खुली झाली. टेलिफोनचे एक्स्चेंज कधी बंद पडून चालत नाही; म्हणून यंत्रातला एखादा भाग पडणार हे गृहीत धरून, पडलेल्याला दुसऱ्याने उभे करावे अशी तिची रचना आहे. हे नाव आग्नेर क्रारुप अर्लांग (१८७८–१९२९) या डॅनिश गणितज्ञाचेही आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या या माणसाने १९०९ साली येणाऱ्या फोनांच्या संख्येचे गणित मांडले, आणि त्यातून पुढे रांगांचे शास्त्र उभे राहिले. फॉर्म भरण्यासाठी खिडकीपुढे तिष्ठणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांनी या माणसाची आठवण ठेवायला हरकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही ससा बसवायला घेतला. दादा पुण्याहून फोनवर, मी इथे कळफलकापुढे. सर्व्हरवर उबुंटू होते. उबुंटूच्या स्वतःच्या कोठारातून एका आज्ञेत हा निरोप्या मिळतो, पण ती आवृत्ती जुनी असते. नवी हवी, तर आधी तिच्या कर्त्यांची सही ओळखणारी किल्ली सर्व्हरला द्यावी लागते, मग त्यांच्या कोठाराचा पत्ता, आणि मग मागणी. त्यातही पथ्य असे, की निरोप्या आणि अर्लांग यांच्या आवृत्त्या एकमेकींना मानवल्या पाहिजेत. ४.० या आवृत्तीला अर्लांग निदान २६.२ तरी लागते. पत्रिका जुळवल्याशिवाय इथेही पुढचे बोलणे होत नाही!

बसल्यावर तो लगेच उभा राहील असे वाटले होते, राहिला नाही. त्याला स्वतःचे नाव हवे होते. तो यंत्राच्या नावावरून आपले नाव घेतो, आणि ते नाव पत्त्यांच्या फायलीत सापडले नाही, तर उठायलाच नकार देतो. भाड्याने मिळालेल्या त्या सर्व्हरच्या फायलीत ते नव्हते. आम्ही ओळ घातली, आणि स्वारी उठली. "आता हे नाव बदलायचं नाही," दादाने बजावले. कारण त्याचे सारे दप्तर त्याच नावाच्या कप्प्यात असते. उद्या यंत्राचे नाव बदलले, तर तो नव्या नावाने नवा, रिकामा कप्पा उघडून बसतो. जुने निरोप कुठे जात नाहीत. पण ते आपलेच आहेत हे त्याला उमगत नाही.

पुढे कुकीचे प्रकरण. ही खाण्याची कुकी नव्हे. ही परवलीची अक्षरे. निरोप्या आणि त्याला आज्ञा देणारी साधने यांच्याजवळ ती तंतोतंत सारखी असावी लागतात, आणि ती फाईल धन्याखेरीज कुणाला उघडता येता कामा नये. मग पाहुण्याचा प्रश्न. निरोप्यासोबत 'गेस्ट' नावाचा एक वापरकर्ता आयताच मिळतो, आणि त्याचा परवलीचा शब्दही 'गेस्ट'च! त्याला फक्त त्याच यंत्रावरून आत येता येते, एवढी सावधगिरी कर्त्यांनी घेतली आहे. आम्ही त्याला काढून टाकले आणि आपला वापरकर्ता नेमला. त्याला तीन वेगवेगळे अधिकार द्यावे लागतात: रांग मांडण्याचा, निरोप टाकण्याचा आणि निरोप वाचण्याचा. तिन्ही एकालाच द्यावेत असे नाही. मग दारे. निरोपांची ये-जा ५६७२ क्रमांकाच्या दाराने होते. देखरेखीचे पान १५६७२ वर दिसते. आमचे दोन्ही प्रोग्रॅम त्याच यंत्रावर राहत असल्याने बाहेरच्या जगासाठी दोन्ही दारे आम्ही बंद ठेवली.

एवढे झाल्यावर रांग मांडली. इथे एक बारकावा आहे. रांग टिकाऊ असणे आणि तिच्यातला निरोप टिकाऊ असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती रांग टिकाऊ केली, तर सर्व्हर बंद पडून उठल्यावर रांग जागेवर असते, पण आत कुणी नसते. दोन्ही टिकाऊ केले, म्हणजे निरोप डिस्कवर लिहिला जातो. तो सांभाळल्याची खूण पाठवणाऱ्याला उलट कळवण्याचीही सोय आहे. ती आम्ही सुरू केली.

मग परीक्षा. घेणारा प्रोग्रॅम बंद ठेवून रांगेत एकवीस निरोप टाकले. आकडा मी मुद्दामच तो घेतला होता. आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दिली. पडदा काळा झाला. फोनवर दादाही गप्प होता. दीड-दोन मिनिटांनी पुन्हा आत जाऊन रांगेची मोजदाद विचारली. उत्तर आले, २१. परीक्षेच्या निकालाच्या यादीतही मी माझा क्रमांक इतक्या धडधडत्या छातीने शोधलेला नाही.

पोच देण्याचे दोन प्रकार असतात, हे मला त्याच रात्री कळले. एकात घेणारा स्वतः सांगतो, की काम झाले. दुसऱ्यात निरोप हातातून सुटला, की निरोप्या तो पोचला असे धरून चालतो. दुसरा प्रकार वेगवान आणि सोपा. "म्हणजे वर्गातल्यासारखं," मी म्हटले. सर विचारतात, "कळलं का?" आम्ही साठजण एका लयीत माना डोलावतो, आणि सर फळा पुसून पुढे जातात! प्राध्यापकमंडळींनी रागावू नये. आमच्या माना फार वेगाने हलतात, हा दोष आमचाच. रक्ताच्या कामाला मात्र ही पोच चालणार नव्हती. आम्ही पहिला प्रकार निवडला. त्याचीही एक किंमत असते. काम झाले पण पोच द्यायच्या आत घेणारा कोसळला, तर तोच निरोप दुसऱ्यांदा जातो. म्हणून प्रत्येक निरोपाला क्रमांक दिला, आणि त्या क्रमांकाचा निरोप आधी गेला आहे का, हे प्रोग्रॅमला पाहायला लावले.

आता इथे थांबून 'यंत्राने प्रश्न सोडवला' असे लिहिता आले असते. पण तसे नाही. यंत्राची पोच एका टप्प्यापुरती असते. निरोप मोबाईल कंपनीच्या हाती गेला, एवढेच ती सांगते. फोन बंद असेल, डोंगरापलीकडे रेंज नसेल, फोन उशाशी ठेवून माणूस झोपला असेल. आणि वाचूनही तो गप्प राहील. हे शेवटचे वीतभर अंतर कुठल्याही सर्व्हरला ओलांडता येत नाही.

त्या वेळी मला निरोप्याची आणखी एक रीत आठवली. घेणाऱ्याला त्याच्याकडे नकारही देता येतो. 'हे मला जमत नाही' असे त्याने सांगितले, की निरोप लगेच रांगेत परततो आणि दुसऱ्या कुणाला देता येतो. पण त्याने होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही, तर तो निरोप त्याच्याच नावावर अडकून पडतो. ठरलेली मुदत, साधारणपणे ३० मिनिटे, उलटल्यावरच निरोप्या तो काढून घेतो. म्हणजे नकाराने काम अडत नाही. ते अडते मौनाने.

हे आम्ही आमच्या माणसांनाही लागू केले. आता निरोपाखाली दोनच उत्तरे मागतो: 'येतो' किंवा 'जमत नाही'. दहा मिनिटांत ज्यांचे काहीच आले नाही, त्यांना आमच्यातले दोघे फोन लावतात. फेब्रुवारीत एका रात्री मागणी आली, तेव्हा पहिले उत्तर आले ते असे: "परगावी आहे, जमत नाही, दुसऱ्याला सांगा." पूर्वी असे उत्तर वाचून मन खट्टू झाले असते. त्या रात्री मी त्या अनोळखी माणसाचे मनोमन आभार मानले. त्याने रक्त दिले नव्हते. पण वाट पाहणाऱ्याची दहा मिनिटे वाचवली होती. पावती आणि समज हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात का आले असावेत, ते मला त्याच्या त्या एका ओळीत समजले.

या अंकाच्या वाचकांपैकी कितीतरी जणांची नावे त्या यादीत आहेत. त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे: आमचा निरोप आला आणि येता येत नसेल, तर संकोच न करता तसे कळवा. तुमचे 'नाही' आले, की आम्हाला पुढच्या माणसाकडे जाता येते.

— तृतीय वर्ष, कला