नंतर आठवण करा

हॉस्टेलवर सगळ्यात जास्त वेळा दाबलं जाणारं बटन कोणतं, असा सर्व्हे कुणी केलाच तर ‘रिमाइंड मी लेटर’चा पहिला नंबर येईल. (दुसरा अलार्मच्या ‘स्नूझ’चा.) अपडेट केव्हाच उतरलेलं असतं, मशीन फक्त रीस्टार्ट मागत असतं आणि आपण त्याला महिनाभर टोलवत राहतो. आमच्या विंगमधला एक दोस्त तर सेमिस्टरभर टोलवायचा. विचारलं की म्हणायचा, “अबे, चालू गाडी काहून थांबवू?”

त्याची भीती खोटी नव्हती. मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी वादळ सुटलं की लाइट गेलीच समजा. त्याच्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, चार्जर निघाला की स्क्रीन काळी. सेकंड इयरला असताना अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली आणि मशीन पुन्हा उठलंच नाही. मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट आत, सबमिशन सकाळी. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तेव्हा कुठे रात्री दोन वाजता फाइल हाती आली.

तरी त्याचं ते गाडीचं म्हणणं मला पटत नाही. वर्धा-सेवाग्रामजवळ मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग एकत्र येतात. तिथेसुद्धा रूळ बदलायचे असले की रेल्वे ब्लॉक घेते; धावत्या गाडीखालून रूळ कुणी काढत नाही. लिनक्समध्ये वापरात असलेली फाइल बदलता येते खरी, पण आधीपासून चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनी प्रत धरून बसतो आणि नवा उघडलेला प्रोग्राम नवी प्रत उचलतो. दोघांचं जुळलं नाही की काहीतरी मधेच आपटतं. विंडोज तर वापरातली फाइल सहसा बदलूच देत नाही. काय बदलायचं त्याची यादी ठेवते आणि रीस्टार्टला, बाकी मंडळी उठायच्या आत, काम उरकते.

मला सगळ्यात आवडली ती लिनक्समधल्या ‘सिस्टमडी’ची युक्ती. अपडेट आधीच उतरवून ठेवायचं आणि डिस्कवर ‘सिस्टम-अपडेट’ नावाची एक छोटीशी खूण करायची. रीस्टार्ट झाल्यावर ती खूण दिसली की मशीन नेहमीचा डेस्कटॉप उघडत नाही, मोजक्याच सेवा चालू करून अपडेटला बसतं. आणि बसण्याआधी पहिलं काम काय करतं? तीच खूण पुसून टाकतं! म्हणजे मधेच घोटाळा झाला तरी पुढच्या वेळी मशीन पुन्हा त्याच खड्ड्यात जात नाही, नेहमीच्या वाटेने उठायचा प्रयत्न करतं. अर्धवट बसलेल्या फायली मात्र यातून सुधारत नाहीत, त्यामुळे लाइटचा प्रश्न उरतोच. त्यावर फोनवाल्यांनी उपाय काढला. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून सिस्टमच्या दोन प्रती ठेवायची सोय आली. एक चालू असताना दुसरीवर अपडेट बसतं आणि रीस्टार्टला फक्त अदलाबदल होते. नवी उठली नाही तर जुनी आहेच.

टोलवण्याची किंमत काय, ते २०१७ साली दिसलं. विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट १४ मार्चला आलं होतं. १२ मेला ‘वॉनाक्राय’ त्याच भोकातून जगभर घुसला. जूनअखेर ‘नॉटपेट्या’ आला, त्याच्या अनेक वाटांपैकी ही एक होती, आणि त्या फेऱ्यात न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं. ज्यांनी अपडेट बसवलं होतं त्यांचं निदान हे एक दार तरी बंद होतं.

तेव्हा रीस्टार्ट माराच, पण व्हायवाच्या सकाळी नको आणि आभाळ भरून आलेलं असताना नको. आधी रिपोर्टची कॉपी पेनड्राइव्हवर टाका, चार्जर लावा, बॅटरी अर्ध्याच्या वर आहे ना बघा. टक्केवारी अडकली म्हणून लगेच पॉवर बटन दाबून धरू नका. डिस्कचा दिवा लुकलुकत असला तर बहुतेक काम चालू आहे, मेसमध्ये जेवून या.

लॅबच्या सरांनाही एक विनंती. डेस्कटॉपची अपडेट्स शेवटची बॅच गेल्यावर लावा, आणि त्याआधी लाइट गेल्यावर यूपीएस खरंच किती मिनिटं तग धरतो, ते एकदा घड्याळ लावून बघा.