संकासुराची टोपी

भाऊबीज आटोपली. पुण्याची आत्या दोन दिवसांनी परत निघायची होती, आणि घरात अचानक एक नवाच प्रश्न उभा राहिला. तिच्या ऑफिसात ३१ ऑक्टोबरला ‘हॅलोविन’ होते. संध्याकाळी सगळ्यांनी मुलाबाळांना घेऊन यायचे आणि मुलांनी भुताखेतांचे वेष करून प्रत्येक टेबलापुढे खाऊ मागत फिरायचे, असा बेत होता. आत्याने तिच्या सात वर्षांच्या मुलीसाठी चेटकिणीचा तयार वेष मागवला होता. पार्सल आले, पण आतला झगा पोरीच्या गळ्यातून खाली उतरेना! रडारड सुरू झाली.

हॅलोविन म्हणजे काय, हे आजीला समजावण्याचे काम माझ्याकडे आले. ख्रिस्ती संतांच्या स्मरणदिनाची ही आदली रात्र. तिचे मूळ आयर्लंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांच्या सणात. त्या रात्री मेलेली माणसे परत येतात, अशी त्यांची समजूत. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. ते अमेरिकेत गेले आणि सलगमाच्या जागी भोपळा आला. मी हे सारे मोठ्या विद्वत्तेने सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे सर्वपित्री आणि शिमगो एकाच राती!”

माझ्या पाच मिनिटांच्या व्याख्यानाचे सार तिने एका वाक्यात सांगून टाकले होते. शिमग्यात आमच्याकडची पोरेही सोंगे घेऊन दारोदार ‘शबय’ मागत हिंडतातच की! आणि परदेशी माल खारेपाटणला नवा थोडाच आहे? इथे सापडलेल्या रट्टराजाच्या शके ९३० च्या, म्हणजे इ. स. १००८ च्या ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या गलबतांवरच्या सोन्याच्या कराचा उल्लेख आहे. या परदेशी भुतावर कोणता कर बसवावा, एवढाच प्रश्न होता. तो आजोबांनी सोडवला.

आत्याच्या मोबाईलवरचे चेटकिणीचे चित्र त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. उंच, काळी, निमुळती टोपी. “ही तर आमची टोपी, गो!” असे म्हणून त्यांनी मला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली.

ट्रंकेत संकासूर होता. वेद चोरणारा हा असुर; मत्स्यावतारात विष्णूने त्याला मारले. दक्षिणेकडच्या दशावतारात त्याच्या काळ्या मुखवट्यातून लाल जीभ लोंबते, तर राजापूरकडच्या खेळ्यांत त्याला निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. आमचे गाव नेमके मधोमध. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. पण सोंगांना ते कोणी कळवले नाही! आजोबा तरुणपणी खेळ्यांबरोबर संकासूर नाचायचे. पुढे गुडघा धरला म्हणून त्यांनी सोंग सोडले, असे आम्ही ऐकत आलो होतो.

मूळ वेषाला कसर लागली होती. मग पावसाळ्यात मोडलेल्या दोन छत्र्यांचे काळे कापड उसवून मी शिवणयंत्रावर बसले. पुठ्ठ्याची सुरळी करून तिच्यावर कापड चढवले. आजोबांनी वाख विंचरून दाढी केली. त्यांची बोटे थरथरत होती, पण गाठी अचूक बसत होत्या. नातीने जिभेचा हट्ट धरला, म्हणून आजीच्या जुन्या लाल झंपराची जीभही लागली. हे सोंग पुरुषांचे. पण आजोबांनी त्याविषयी अवाक्षर काढले नाही. शेवटी त्यांनी घुंगरांचा पट्टा घासूनपुसून पुढे केला.

“बाबा, टोपी नेतंय. ह्यो पट्टो नको,” आत्या म्हणाली.

“कित्याक गो?”

“तो वाजता.”

ती एवढेच बोलली. पण तिचा आवाज बदलला होता. मग हळूहळू बाहेर आले. शिमग्यात आजोबा मूठभर तांदळांसाठी आणि चार नाण्यांसाठी ज्या अंगणांत नाचत, त्याच घरांतली मुले तिच्या वर्गात होती. वाडीत घुंगरू वाजले की ती मागीलदारी विहिरीआड लपून बसे. दुसऱ्या दिवशी शाळेत तिला ‘संकासुराचा चेडू’ म्हणून चिडवीत. हे तिने घरात कधी कोणाला सांगितले नव्हते.

आजोबा पट्टा हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, “माका म्हायत होता, बाय. म्हणान तर सोडलंय.”

त्यांचा गुडघा आजही ठणठणीत आहे, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा जाणवले. रोज देवळाच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाविषयी आम्ही इतकी वर्षे तसे कसे मानून चाललो?

त्या रात्री कोणीच फारसे बोलले नाही. पट्टा ट्रंकेवर तसाच पडून होता. सकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा आत्या चपला घालून पुन्हा आत आली. तिने पट्टा उचलला, वाजू नये म्हणून टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत तळाशी ठेवला. वाकून नमस्कार केला. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलले काहीच नाही.

३१ तारखेला रात्री मोबाईलवर फोटो आला. काचेच्या भिंती, कागदी भोपळे, हाडांचे सापळे, पाचसहा चेटकिणी. आणि त्यांच्या मधोमध छत्रीच्या कापडातला आमचा संकासूर, जीभ लोंबवून उभा. कमरेला पट्टा दोन वेढे घेऊन बांधलेला. शेजारी आत्या हसत होती. ऑफिसातल्या लोकांनी हे कोणते भूत म्हणून विचारले असेल का? आणि तिने काय उत्तर दिले असेल? विचारावेसे वाटले, पण मी विचारले नाही.

आजोबांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. मग मोबाईल माझ्या हातात परत देत म्हणाले, “टोपी वायच वाकडी बसली हा. शिमग्याक येतली तेव्हा सारखी करू.”